मदत हवी आहे: जँगोमध्ये ‘फक्त एवढ्याच जिन्नसांत होणारी पाककृती’ कशी शोधायची?

जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) ४.२, डेटाबेस पोस्टग्रेस. पाककृती आणि जिन्नस यांच्यात मेनी-टू-मेनी (एका पाककृतीत अनेक जिन्नस, एक जिन्नस अनेक पाककृतींत); दोन्ही जोडणाऱ्या थ्रू टेबलमध्ये ‘ऐच्छिक’ हा बूलियन म्हणजे हो/नाही रकाना (कोथिंबीर नसली तरी पोहे होतातच). निवडलेल्या जिन्नसांतच होणाऱ्या पाककृती हव्यात.

फिल्टरला ‘इन’ (यादीतलं कोणतंही) लावलं की एक जिन्नस जुळला तरी पाककृती येते, तीही दुबार. डिस्टिंक्टने फक्त दुबार गेल्या. फिल्टरची साखळी उलटंच करते: निवडलेलं सगळं ज्यात आहे तेच येतं. वगळणाऱ्या एक्स्क्लूडमध्ये ‘ऐच्छिक नाही’ आणि ‘निवडीत नाही’ या अटी एकत्र दिल्या, पण त्या थ्रू टेबलच्या एकाच ओळीला लागत नाहीत. चालणाऱ्या पाककृतीही गळतात.

रॉ एसक्यूएल (हाताने लिहिलेली डेटाबेस क्वेरी) नको, पुढे पेजिनेशन (निकाल पानापानांत दाखवणं) आहे. थ्रू टेबलच्या मॉडेलवर आउटररेफ (बाहेरच्या क्वेरीतल्या पाककृतीचा संदर्भ) घेऊन नकारार्थी एक्झिस्ट्स (‘अशी ओळ नाहीच’) लिहावं, की निवडीत नसलेले आवश्यक जिन्नस मोजायला काउंटला फिल्टर देऊन शून्य तपासावं? जिन्नसच न भरलेल्या पाककृती दोन्हीकडे येणार, त्या कुठे गाळायच्या?