‘वास्को द गामा’ दिलं की [ ] का मोडतो?

फेरीबोट:
बसच्या वेळापत्रकांच्या फायली गावाप्रमाणे वेगळ्या करायच्या आहेत. शेल स्क्रिप्टमधली ओळ ($1 म्हणजे स्क्रिप्टला दिलेलं गावाचं नाव):
[ $1 = पणजी ]
‘मडगाव’ दिलं तर ठीक. ‘वास्को द गामा’ दिलं की ‘टू मेनी आर्ग्युमेंट्स’, काहीच न दिल्यास ‘युनरी ऑपरेटर एक्स्पेक्टेड’. रिकामं नाव अडवायला घातलेलं [ -एन $1 ] तर कधीच अडवत नाही. [ ऐवजी टेस्ट लिहू का?

माडाची_झावळ:
त्याने काही होणार नाही. [ ही कमांडच आहे, टेस्टचं दुसरं नाव. [ म्हणून बोलावली की शेवटचा आर्ग्युमेंट (कमांडला दिलेला शब्द) ] लागतो, एवढंच.

ही कमांड आधी आर्ग्युमेंट मोजते, मग अर्थ लावते. शून्य असले तर खोटं. एकच असला तर तो रिकामा नसला की खरं. दोन असले तर पहिला ! किंवा -एनसारखा ऑपरेटर हवा, तीन असले तर मधला. तुमचं $1 अवतरणात नाही, म्हणून शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) ते आधीच फोडतो आणि आत जातात पाच तुकडे: वास्को, द, गामा, =, पणजी. रिकामं असलं तर शब्दच गळतो, उरतं [ = पणजी ]. [ -एन $1 ] चं होतं [ -एन ]: एकच आर्ग्युमेंट, तोही रिकामा नाही, म्हणून कायम खरं! सगळीकडे "$1" लिहा.

‘टू मेनी आर्ग्युमेंट्स’सारख्या चुकीला एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा: 0 खरं, 1 खोटं) 2 येतो, 1 नव्हे. इफला दोन्ही सारखेच, त्यामुळे स्क्रिप्ट न थांबता एल्सकडे जाते.

पावसाळी:
शेल बॅश असेल तर [[ $1 == पणजी ]]. हा बॅशचा स्वतःचा कीवर्ड आहे, कमांड नव्हे, म्हणून शब्द फोडत नाही. फक्त उजवीकडे अवतरण नसलं की तो पॅटर्न धरतो: वा* ला वास्कोही जुळतं, वाळपईही.

फेरीबोट:
./ ने चाललं. एसएच लावून चालवलं तर ‘[[: नॉट फाउंड’. उबुंटू आहे.

माडाची_झावळ:
एसएच लावलं की वरची #! ओळ (कोणता शेल वापरायचा ते सांगणारी) नुसती कॉमेंट ठरते बाब. उबुंटूत 6.10 पासून (2006) एसएच म्हणजे डॅश नावाचा वेगळा शेल. त्याला [[ ठाऊक नाही, [ मधलं == सुद्धा नाही. एकच = लिहा.

पावसाळी:
नावावरून वागणूक बदलते ती इथे: ग्नूच्या कमांड-संचातली /युएसआर/बिन/[ --हेल्प मदत छापते. तिथलीच टेस्ट --हेल्प काहीच छापत नाही, ‘रिकामं नाही’ म्हणून 0 परत करते.

आणि [ "$1" > 10 ] लिहू नका, शेल त्या चिन्हाचा अर्थ ‘आउटपुट पुढच्या नावाच्या फाइलमध्ये टाका’ असा लावतो; आकड्यांना -जीटी (पेक्षा मोठा). फोल्डरमध्ये ‘10’ नावाची रिकामी फाइल दिसली, तर ती याच ओळीने केलेली असते.