मदत हवी आहे: दादाने दारू सोडून 47 दिवस झाले पण आधीपेक्षा जास्त चिडतो, झोप नाही, हे नॉर्मल आहे का?

माटोळी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही डिचोली तालुक्यातले. मोठा भाऊ, वय 44. खाणीवर दोन टिपर होते आमचे. 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा एक विकला, मग सुरू झाल्या तर 2018 ला परत बंद, दुसरा अंगणात गंजला आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच. शनिवार-रविवार घेणारा माणूस रोज संध्याकाळी घ्यायला लागला, मग सकाळी हात थरथरतात म्हणून सकाळी. पुढचं तुम्हाला माहितीच असेल.

गेल्या श्रावणात आईने गळ घातली म्हणून श्रावण पाळतो म्हणाला आणि एका दिवसात पूर्ण बंद. आम्ही सगळे खूश, आईने नारळ पण ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिट आली, दारातच पडला, जीभ चावली. त्यातून उठला आणि चतुर्थी झाल्यावर परत चालू. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी स्वतःच म्हणाला ॲडमिट करा मला. नऊ दिवस ठेवलं, औषधं देऊन हळूहळू उतरवलं, आणि आज 47 दिवस एक थेंब नाही. याबद्दल मी त्याला मानते.

पण घरात आता राहवत नाही हो. भांडं पडलं तरी दचकतो. रात्री तीनला उठून बसतो, बनियन घामाने भिजलेलं. बँकेचा फोन आला की चेहरा लाल, तास-दोन तास कुणाशी बोलत नाही, आणि मग म्हणतो एक क्वार्टर मारली असती तर डोकं शांत झालं असतं. आई परवा हळूच म्हणाली, पियेतालो तेन्ना बरो आशिल्लो, म्हणजे प्यायचा तेव्हा बरा होता. ते ऐकून मी आत जाऊन रडले.

दारू शरीरातून कधीच गेली, मग हे काय चाललंय? डिस्चार्जच्या वेळी कुणी काही समजावलं नाही, व्हिटॅमिनच्या गोळ्या हातात दिल्या आणि महिन्याने या म्हणाले. तोही महिना उलटला, आता बरा झाला मी, कशाला जायचं म्हणतो. चुलतभाऊ म्हणतो कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढलंय, लॅबमध्ये टेस्ट कर आणि अश्वगंधा चालू कर. करू का? त्यात उर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा सीझन, वाड्यावर दारू गाळायच्या भाट्या पेटल्यात.

सुशेगाद_77:
ताई, ते जेवणात मिसळून द्यायचं औषध मिळतं ना, त्याला कळणार पण नाही, परत दारूचं नाव घेणार नाही. आमच्या शेजाऱ्याला दिलं होतं.

कालचा_बेवडा:
सुशेगाद, कृपा करून असले सल्ले देऊ नका!! त्यात बहुतेक वेळा डायसल्फिराम असतं, त्यावर दारू पडली की छाती धडधडते, बीपी खाली जातं, उलट्या, माणूस मरू पण शकतो. ते औषध डॉक्टर देतात पण माणसाला सांगून, त्याच्या मर्जीने. चोरून कधीच नाही.

माटोळीताई, मी फोंड्याचा, सहा वर्षं झाली सोडून. तुम्ही लिहिलंय ते वाचून माझेच दिवस आठवले. बायको म्हणायची, तुम्ही पिऊन यायचात तेव्हा निदान हसायचात तरी. दुसरा-तिसरा महिना माझा सगळ्यात वाईट गेला, पहिल्या महिन्यात सगळे कौतुक करतात, मग कौतुक संपतं आणि हप्ते तिथेच असतात. स्वप्नात प्यायचो, घाबरून उठायचो आणि तोंडाचा वास घेऊन बघायचो. दादाला विचारा, त्याला पण पडत असतील ती स्वप्नं, पण लाजेने सांगत नसेल.

एक साधी गोष्ट. एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मध्ये आम्हाला शिकवतात की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारातलं काही झालं की आधी तेवढं बघ. मी खिशात जत्रेतलं खाजं ठेवायचो, पाच वाजले की तोंडात एक. वजन आठ किलो वाढलं, वाढू दे.

नाइटड्युटी:
मी नर्स आहे, काही वर्षं व्यसनमुक्ती वॉर्डात काढलीत. जमेल तसं सांगते, डॉक्टर नाही मी.

आधी ती फिट. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं ते ब्रेक, आणि ग्लुटामेट म्हणजे ॲक्सिलरेटर. दारू ब्रेकवर पाय ठेवते आणि ॲक्सिलरेटर अडवते. वर्षानुवर्षं रोज तेच झालं की मेंदू ब्रेक ढिला करून ठेवतो आणि ॲक्सिलरेटर जास्त दाबून धरतो, कारण त्याला गाडी चालू ठेवायचीय. दादाला टिपरवरून सांगा, लगेच कळेल. आता एका दिवसात दारू बंद केली तर तो दारूचा पाय एकदम निघाला आणि ॲक्सिलरेटर तसाच दाबलेला. हात थरथरणं, घाम, फिट, सगळं त्यातून. फिट साधारण शेवटच्या पेगनंतर 6 ते 48 तासांत येते, आणि भास होणं, माणसं न ओळखणं हे दोन ते चार दिवसांनी, त्यात जीव जातो. आमच्याकडे दर श्रावणात अशा केसेस यायच्या. म्हणून रोज पिणाऱ्याने व्रत म्हणून सुद्धा घरी एकदम सोडू नये, कुणी वाचत असेल तर प्लीज.

आता 47 व्या दिवशीचं. ताण आला की मेंदूतलं हायपोथॅलॅमस सीआरएफ नावाचं हार्मोन सोडतं, त्यावरून पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं हार्मोन सोडते, मग किडनीच्या वरच्या ग्रंथी कॉर्टिसोल. काम झालं की कॉर्टिसोलच वर निरोप पाठवतं, पुरे. भरपूर पिणाऱ्यांमध्ये ही साखळी सतत ओढली जाते, पिताना पण आणि सोडताना पण कॉर्टिसोल चढलेलं. सोडल्यावर काही आठवडे ती दमलेल्यासारखी वागते, खऱ्या ताणाला नीट साथ देत नाही. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी मेंदूच्या आत ॲमिग्डालाच्या आसपास, जिथे भीती आणि धोका कळतो, तिथलं सीआरएफ मात्र जोरात असतं. म्हणजे धोक्याची घंटा आत अडकून वाजतेय. भांडं पडलं की दचकणं ते हेच. जॉर्ज कूब म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञ आहेत त्यांनी यावर खूप काम केलंय, ते याला व्यसनाची काळी बाजू म्हणतात. माणूस सुरुवातीला मजेसाठी पितो, नंतर ही घंटा बंद करायला पितो. दादा क्वार्टरबद्दल बोलला ते अगदी खरं बोलला, वीस मिनिटांत घंटा थांबली असती, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट वाजली असती.

आईंना सांगा, तेव्हा तो बरा नव्हता, तेव्हा घंटेवर उशी दाबलेली होती.

किती दिवस? चिडचिड आणि झोप दोन्हीला महिने लागतात, प्रत्येकाचं वेगळं, तारीख देणार नाही मी.

टेस्टचं म्हणाल तर पैसे वाचवा. कॉर्टिसोल सकाळी जास्त, मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी, एका रिपोर्टवरून यातलं काही कळत नाही. अश्वगंधा स्वतःहून देऊ नका, काही लोकांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत आणि दादाचं लिव्हर आधीच मार खाल्लेलं असणार. आणि त्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांना नावं ठेवू नका हं, त्यात बी1 म्हणजे थायमिन असेल, ते कमी पडलं तर पिणाऱ्यांची स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

आता मला एक विचारायचंय. जगून काय करू, असं काही बोलतो का तो?

माटोळी:
सगळ्यांचे खूप आभार, ते घंटा आणि उशीचं मी आईला जेवताना सांगितलं, ती गप्प बसली, मग दादाच्या ताटात एक बांगडा जास्त वाढला.

नाइटड्युटीताई, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस टाळलं. मग काल विचारलं सरळ. म्हणाला हो, एकदा-दोनदा मनात आलं होतं, टिपर बघितला की येतं.

नाइटड्युटी:
विचारलंत हे फार बरं केलंत, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन घुसत नाही. उद्याच घेऊन जा, महिना-बिहिना बघू नका. बांबोळीला आयपीएचबीची, म्हणजे सरकारी मानसोपचार हॉस्पिटलची ओपीडी आहे, किंवा जिथे ॲडमिट होता तिथे. रात्री-अपरात्री वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, कधीही लागतो. घरात शेतीचं औषध असेल तर आजच कुलपात. आणि डॉक्टरांना नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट यातलं काही चालेल का विचारा, ओढ कमी करायला देतात, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट बघून ते ठरवतील.

कालचा_बेवडा:
आणि तो टिपर भंगारात काढा हो. मी माझा नेहमीचा बार ज्या रस्त्यावर होता तो रस्ता दीड वर्ष टाळला, सहा किलोमीटर फिरून जायचो.

माटोळी:
अपडेट देते, अकरा दिवस झाले. बांबोळीला जाऊन आलो, डिप्रेशन पण आहे म्हणाले, गोळी चालू केलीय, असर यायला दोन-चार आठवडे लागतील. अजून तीनलाच उठतो पण आता कुळागरात, आमच्या बागायतीत, जाऊन पाणी लावतो, माझी झोप जाते ती वेगळी गोष्ट. बँकेचे फोन मी घेते. टिपर विकायला तयार नाही, ताडपत्री घातलीय त्यावर. स्वप्नांचं विचारलं तर हसला, म्हणाला तुला कुणी सांगितलं.

आता नवीन अडचण. काकांच्या भाटीचा वास वारा फिरला की सरळ आमच्या पडवीत येतो. काल दादा तिथेच बसला होता, एकदम उठून आत गेला आणि दार लावून घेतलं.

नाइटड्युटी:
त्यात त्याचा दोष नाही. दारू पोटात जायच्या आधी नुसत्या वासाने मेंदूत डोपामिन उसळतं, इतक्या वर्षांत मेंदू शिकलाय की या वासामागून काय येतं. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक घरी परतल्यावर बहुतेक जण परत त्यात अडकले नाहीत, आणि त्याचं एक कारण हेच मानतात की जागा बदलली. सीझन संपेपर्यंत कुठे पाठवता येईल का बघा, गोळ्या बरोबर देऊन.

माटोळी:
मावशी आहे पेडण्याला, पण तिच्या मागच्या डोंगरावर काजूच काजू. मामा वाळपईला, तिथे तर मामाचीच भाटी आहे.

कालचा_बेवडा:
वास्कोला कोणी नाही का?

माटोळी:
आत्या आहे. पण ती फार बोलते.

कालचा_बेवडा:
चालेल. पाठवा.