कठड्यांपेक्षा चष्मा बघा
'हॉस्पिटलात पलंगाचे कठडे वर ठेवले की म्हातारं माणूस पडत नाही' असं म्हणतात, ते मला पटत नाही. गोंधळलेला पेशंट कठडा ओलांडू बघतो आणि उलट जास्त उंचीवरून आपटतो. उठायचं कारण बहुतेकदा साधंच असतं, लघवी. वडील ॲडमिट असताना रात्रपाळीच्या सिस्टर बेलची वाट न बघता स्वतःच विचारायला यायच्या, 'बाबा, जायचंय का?'

चष्मा आणि कानाच्या मशीनबद्दल मात्र कुणी बोलत नाही. हरवेल म्हणून आपणच ते घरी नेतो (मीही नेलं होतं!). धड दिसत-ऐकू येत नसलं की माणूस भ्रमात (डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा गोंधळ) जायला वेळ लागत नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सत्तरीपुढच्या पेशंटांचं दिसणं-ऐकणं, झोप, पाणी, चालणं वगैरे नेमाने सांभाळलं, तेव्हा ९.९ टक्क्यांना भ्रम झाला. नेहमीच्या देखभालीत १५ टक्क्यांना.