मदत हवी आहे: नववीतल्या मुलीला शाळेच्या क्रॉस कंट्री संघात जायचंय, तयारी कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात, कासारवडवलीला राहतो. लेक नववीत आहे, शाळा राज्य मंडळाची. यंदा शाळेत पहिल्यांदाच मुलींचा क्रॉस कंट्री संघ तयार होतोय आणि पीटीच्या सरांनी हिचं नाव घेतलंय. आजवर ती फक्त दोनशे मीटर आणि रिले पळलीय. आता एकदम काही किलोमीटर, तेही मातीतून, चढउतारावर. पण तिला मनापासून जायचंय. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी बूट घालते, खाणं नंतर.

पहिली अडचण जागेची. सोसायटीच्या पोडियमवर पेव्हर ब्लॉक आहेत, तिथेच ती फेऱ्या मारते. हल्ली नडगीच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणते, बोटाने दाबलं की पाय ओढून घेते. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम, ट्रक, धूळ. सर्व्हिस रोडला गाड्या लावलेल्या. तिथे पाठवायला मन धजत नाही.

दुसरं म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून हिमोग्लोबिन कमी असतं. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी पळायला हरकत घेतलेली नाही. तरी आहारात काय बघावं?

तिसरं घरातलं आहे आणि तेच मला जास्त लागलंय. सरांच्या चाचणीत संघातल्या मुलींमध्ये ती शेवटून दुसरी आली. सासरे म्हणाले, "पुढच्या वर्षी दहावी. पहिली यायची नाही तर कशाला दमवायचं पोरीला?" ते वाईट मनाने बोलत नाहीत, तिची काळजीच आहे त्यांना. पण ती ऐकून गप्प झाली. मागे असणाऱ्या मुलीचा संघाला खरंच उपयोग असतो का?

---

प्रतिसाद १

ताई, मी नेरूळला शाळेच्या मुलांना पळवतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण आजोबांना नियम सांगितला तर त्यांना पटेल असं वाटतं.

क्रॉस कंट्रीत सांघिक निकाल वेळेवर लागत नाही, क्रमांकांच्या बेरजेवर लागतो. पहिली आलेलीचा १ गुण, दहावीचे १०, आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. जागतिक स्पर्धेत संघात सहा जणी पळतात आणि पहिल्या चौघींचे क्रमांक धरतात. अमेरिकेतल्या हायस्कुलांत सात पळतात, पाच धरतात. तुमच्या जिल्ह्याच्या परिपत्रकात किती आहेत ते सरांना विचारा.

आता हिशेब बघा. एका शाळेच्या मुली १, २, ३ आल्या आणि चौथी ४० वी, तर बेरीज ४६. दुसऱ्या शाळेच्या ८, ९, १०, ११ आल्या, बेरीज ३८. जिंकली दुसरी शाळा, आणि तिची एकही मुलगी पहिल्या सातात नाही. चौथीने शेवटच्या चढावर दोघींना मागे टाकलं तर बेरजेतून कमी झालेले ते दोन गुण पहिलीने वाचवलेल्या दोन गुणांइतकेच मोलाचे. पाचवी-सहावीही वाया जात नाहीत. पुढची एखादी मुरगळली तर त्यांचा क्रमांक धरला जातो, शिवाय त्या ज्यांना मागे टाकतात त्या विरोधी मुलींचा क्रमांक वाढतो.

बाकी दोनशे मीटरवरून आलीय, म्हणजे वेग आहे, दम वाढवायचा आहे. सोबतिणीशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश पळू दे, मध्ये चालली तरी चालेल. अंतर आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवा, लागोपाठ रोज नको. स्पर्धेत सुरुवातीला मोकळं मैदान असतं आणि वाट पुढे अरुंद होते, म्हणून सगळ्या पहिल्या दोनशे मीटरला सुसाट सुटतात. तिची जुनी सवय तिथे नेमकी घात करेल, हे तिला आधीच सांगून ठेवा. आपला धावपटू अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर आधी क्रॉस कंट्रीच पळायचा, स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत पळायची शर्यत) नंतर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळालं ते पुढे.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नडगीचं दुखणं कडक जमिनीवर एकदम पळणं वाढवलं की येतं. दुखणं थांबेपर्यंत पळणं बंद, बर्फ लावा, पोटऱ्यांचे व्यायाम करू दे. एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवाच, हाडाला बारीक चीर असू शकते.

डॉक्टरांना हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासायचं का विचारा, शरीरातला लोहाचा साठा त्यात कळतो. अळीव, पालेभाज्या, कडधान्यं द्या आणि वर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा देऊ नका, लोह अंगी लागत नाही.

प्रतिसाद ३

उपवन तलावाजवळून येऊरचा चढ सुरू होतो, ठाण्यातले बरेच जण तिथेच सराव करतात. पण तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचा वावर असतो. चांगलं उजाडल्यावर आणि चार जणांच्या सोबतीनेच जा. पावसात कडेला शेवाळ धरतं, उतारावर पावलं छोटी टाकायला सांगा. खिळ्यांचे बूट आत्ता घेऊ नका, तळाला पकड असलेले साधे रनिंग शूज पुरतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. बेरजेचा हिशेब मी सासऱ्यांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा स्वतः करून पाहिला आणि मग लेकीला विचारलं, "तुमच्यातली चौथी कोण?" आता पाय दुखायचा थांबेपर्यंत पळणं बंद, डॉक्टरांची वेळ घेतलीय.

एकच विचारायचं राहिलं. कासारवडवली, वाघबीळ, मानपाडा या पट्ट्यात कुणाची मुलगी रविवारी सकाळी उपवनला सरावाला जाते का? पाय बरा झाला की आमची येईल. मी गाडी काढते, चौघींना जागा आहे.