मदत हवी आहे: रविवारचं मटण कमी केलं तर हवामानाला फरक पडतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे. घरात पाच माणसं, दर रविवारी किलोभर मटण ठरलेलं. गेल्या रविवारी नववीतल्या लेकीनं अळणी रश्श्याची वाटी बाजूला सारली. म्हणाली, "आई, हे आपण कमी करूया, यानं हवा तापते." आबा (माझे सासरे) म्हणाले, "शेळी काय पेट्रोल पिते व्हय?" तिला उत्तर सुचेना, मलाही. पोरगी खरं बोलत असताना आपण तिला गप्प बसवलं की काय, ही रुखरुख लागली. म्हणून आठवडाभर वाचत होते.

शेळी, गाय, म्हैस रवंथ करतात. पोटात चारा आंबताना मिथेन होतो आणि तो बहुतेक ढेकरांवाटे बाहेर पडतो. १०० वर्षांचा हिशेब धरला तर किलोभर मिथेन साधारण २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. आयपीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान तज्ज्ञांच्या समितीच्या) २००६ च्या मार्गदर्शिकेत शेळीला वर्षाला ५ किलो मिथेन धरलाय, म्हशीला ५५.

मग वहीत मांडलं. वर्षाच्या बोकडाचं ११ किलो मटण धरलं. ५ गुणिले २८ म्हणजे १४०, भागिले ११, मटणाच्या किलोमागे साधारण १२.७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका बोजा. ५२ रविवारांचे ६६० किलो. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे हे झालं २८५ लिटरच्या वर. आमच्या दोन्ही स्कूटर मिळून वर्षाला एवढंच पेट्रोल लागतं! आबांना वही दाखवली, ते काही बोलले नाहीत.

आता अडलंय ते सांगते. बोकडाच्या आईचा वाटा यात धरायचा का? माळावरची शेळी बोरी-बाभळीचा पाला खाते, तिच्यासाठी कुणी पीक घेत नाही, मग जगाची सरासरी तिला लागू होते का? माझ्या माहेरी पाच शेळ्या आहेत, भाच्यांची फी त्यातूनच भरली जाते. "मटण कमी खा" म्हणताना तो गोठा डोळ्यांसमोर येतो. आणि मटणाऐवजी करायचं काय? पनीर म्हणावं तर किलोला पाचेक लिटर म्हशीचं दूध लागतं, म्हणजे पुन्हा रवंथ करणारं जनावर आलंच. जाणकारांनी कृपया सांगावं, लेकीला नीट उत्तर द्यायचंय.

प्रतिसाद:

ताई, आईचा वाटा धराच. पण करडू पहिल्या वर्षी पूर्ण ५ किलो सोडत नाही, त्यामुळे आकडा तुमच्या आसपासच राहतो. पाला खाल्ला तरी मिथेन होतोच. वाचतो तो खाद्याच्या शेतीचा, खताचा भाग. शेळीपाळाचं म्हणाल, तर तुम्ही महिन्यातले दोन रविवार मटण वगळल्यानं त्याचा गोठा रिकामा होत नाही.

एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) २०१३ च्या अहवालात माणसामुळे होणाऱ्या, हवा तापवणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनात पशुधनाचा वाटा १४.५ टक्के दिलाय, त्यात सगळ्यात मोठा भाग गाईगुरांचा. आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेत गाई-म्हशी मिळून ३० कोटींवर होत्या, शेळ्या १५ कोटींच्या आत. तेव्हा दूध-पनीरही हिशेबात घ्या. कोंबडी रवंथ करत नाही, तिचा बोजा मुख्यतः मका-सोयाच्या खाद्याचा, मटणापेक्षा बराच कमी.

मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो, त्यामुळे कमी केल्याचा गुण लवकर येतो. २० वर्षांचा हिशेब मांडलात तर २८ च्या जागी ८० च्या आसपास धरावे लागतात. लेकीला हे जरूर सांगा.

आमच्याकडे आता महिन्यातून दोनच रविवार मटण. एकदा अंडी, एकदा अख्खा मसूर. मसूर आपला नत्र मुळांच्या गाठींतून स्वतःच मिळवतो, युरिया नावाला लागतो. वाटण मटणाचंच करा, भाजलेलं खोबरं आणि कांदा-लसूण चटणी सढळ हातानं घाला. आबांना आधी रस्सा वाढा.