वॉलपेपरबरोबर ड्रायवॉलचा कागदही सोलला गेला, आता काय?

कोरी_भिंत: एडिसन, न्यू जर्सी. घर १९७२ चं. जेवणाच्या खोलीतला वॉलपेपर सुकाच ओढला. वरची नक्षी निघाली, पण निम्म्या भिंतीवर पांढरं अस्तर चिकटून राहिलंय. तीन ठिकाणी ड्रायवॉलचा (दोन्ही बाजूंनी कागद लावलेल्या जिप्समच्या पाट्यांची भिंत) तपकिरी कागद उघडा पडलाय आणि स्क्रेपर घुसून एक चार इंची भोक झालंय. वरून कंपाउंड (भिंत भरायची लुकणासारखी लापशी) मारून रंग दिला तर चालेल?

पट्टी_दहा_इंची: नाही. उघडा तपकिरी कागद कंपाउंडमधलं पाणी पितो आणि पुरीसारखा फुगतो. फुगा वाळल्यावर बसला असं वाटतं, पण रंगाचा रोलर फिरला की पुन्हा वर येतो.

आधी तपकिरी जागाच सील करा. सुटलेल्या कडा धारदार कटरने कापा (ओढाल तर सोलत पुढे जाईल), मग ऑइल प्रायमर किंवा गार्ड्झसारखा सीलर लावा. तो पुरता वाळल्यावरच उरलेल्या अस्तराला पाणी. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात.

खोलीचा ब्रेकर बंद करा. गरम पाणी फवारा, १०-१५ मिनिटं मुरू द्या, पुन्हा फवारा. अस्तर राखाडी, मऊ झालं की तीन इंची स्क्रेपर भिंतीला जवळजवळ सपाट टेकवून सरकवा. जोर लावावा लागतोय म्हणजे पाणी कमी पडलंय. नंतर स्पंजने खळ धुवा. ओलं बोट फिरवून बुळबुळीत लागलं तर ती अजून आहे, आणि तिच्यावर दिलेला रंग तडकतो.

धूळ_नको: थांबा, १९७२ चं घर आहे! अमेरिकेत ॲस्बेस्टॉसवाल्या (श्वासात गेल्यास घातक असे खनिज तंतू) पॅचिंग कंपाउंडवर १९७७ मध्ये बंदी आली, घरातल्या शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये. सांध्यावरचा तुकडा ओला करून काढा, लॅबला पाठवा. निकाल येईपर्यंत कापणं-घासणं बंद. साध्या मास्कवर विसंबू नका.

पट्टी_दहा_इंची: बरोबर, हे मी आधीच लिहायला हवं होतं. कडा कापणंही त्यातच आलं.

सुतारकाम: निकाल स्वच्छ आला तर भोक चौकोनी कापा. आत लाकडी पट्टी आडवी सरकवून दोन्ही बाजूंनी स्क्रू मारा, त्यावर नव्या ड्रायवॉलचा तुकडा बसवा. जाडी भोकातच मोजा, बहुधा अर्धा इंच निघेल. त्याला सव्वा इंची स्क्रू पुरतात. डोकं कागदाच्या किंचित खाली जावं, कागद फाटला तर स्क्रू धरत नाही. सांध्यावर जाळीची टेप आणि पहिला हात ४५ मिनिटांच्या पावडर कंपाउंडचा (पाण्यात कालवायचं, साधारण तेवढ्या वेळात घट्ट होतं). जाळीवर डब्यातलं तयार कंपाउंड लावलं तर पुढे बारीक चीर दिसते. वरचे दोन हात मात्र डब्यातल्याचेच द्या, घासायला सोपं. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा दोन-तीन इंच रुंद.

कोरी_भिंत: आभार. पाण्यात फॅब्रिक सॉफ्टनर घालू का?

पट्टी_दहा_इंची: घाला, पाणी लवकर मुरतं. पण नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा, नाहीतर प्रायमर धरणार नाही.