नाताळचे जेवण की कोरडा शिधा?

नाताळच्या दिवशी चर्चच्या स्वयंसेवकांनी गरजू कुटुंबांना जेवू घालण्यापेक्षा तोच पैसा कोरड्या शिध्यावर खर्च करावा, असे या चर्चेत एका सदस्यांनी सुचवले आहे. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. नंदुरबार जिल्ह्यातील पुष्कळ आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात, त्यामुळे 25 डिसेंबरला नवापूरकडच्या पाड्यांवर अनेक घरांत मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. ज्या आजीला चुलीपुढे बसवत नाही, तिच्या हाती पाच किलो पीठ ठेवल्याने तिच्या त्या दिवसाच्या जेवणाची सोय होत नाही.

मात्र जेवण द्यायचे तर ते पंगतीला बसवून, आग्रहाने वाढलेले असावे. ताटासोबत छायाचित्र काढून घेण्याचा जो प्रकार हल्ली सर्वच धर्मांच्या अन्नदानात दिसतो, तो कटाक्षाने टाळावा. त्या दिवसांत आपल्याकडे हिरवी वांगी मुबलक असतात. कपाशीच्या काड्यांवर भाजून बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचलेले भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी हा बेत केकपेक्षा स्वस्त पडतो, आणि दात नसलेल्यांनाही भरीत खाता येते. ज्यांना चर्चपर्यंत येणे जमत नाही, त्यांच्याकडे डबा पोहोचवणारे दोन-तीन तरुण आधीच नेमून ठेवावेत.

शिधा अवश्य द्यावा, पण पावसाळ्याच्या तोंडावर, जेव्हा ऊसतोडीहून कुटुंबे परतलेली असतात आणि मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) केव्हाच संपलेली असते.